"कुलूप लावलं होतं का?" हा प्रश्न आधी बंद करा

(पोस्ट लांब आहे. पण घरातलं कुणी विमानाने ये-जा करत असेल तर शेवटपर्यंत वाचा.)

विमानात दिलेल्या बॅगेतून वस्तू गेली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. पोलिसांच्या आधी शेजारी विचारतो, घरातले काका विचारतात, विमान कंपनीच्या काउंटरवर बसलेला माणूसही तोच विचारतो : "कुलूप लावलं होतं का?"

नाही म्हणालात तर चूक तुमची. हो म्हणालात तर पुढचा प्रश्न तयार, "साधं होतं की टीएसए?" म्हणजे उत्तर काहीही द्या, पिंजऱ्यात उभे तुम्हीच. ज्याने बॅग ताब्यात घेतली, वजन केलं, पट्टी चिकटवली, विमानात चढवली, उतरवली, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विमानात दिलेल्या बॅगेची सुरक्षा कुलपाने होत नाही. ती जबाबदारी कायद्याने विमान कंपनीची आहे. आणि कुलपाची ही सगळी चर्चा ती जबाबदारी आपल्या गळ्यात टाकण्यापुरती उपयोगाची आहे.

कुणी म्हणेल, नंदुरबारला विमानतळ कुठे आहे, तुम्हाला काय पडलंय? पडलंय. सुरतहून शारजाची विमानं २०१९ पासून सुरू झाली, डिसेंबर २०२३ पासून दुबईचीही. नंदुरबार-नवापूरच्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळ. अक्कलकुवा-तळोद्याची पोरं आखातात कामाला आहेत. शहाद्याच्या शेतकऱ्यांची मुलं अमेरिका-ऑस्ट्रेलियात शिकताहेत. हज-उमराहला जाणारे आहेत, सुट्टीवर येणारे जवान आहेत. यातल्या बहुतेकांच्या घरातला हा पहिलाच विमानप्रवास. नियम माहीत नसतात आणि भांडायची सवय नसते. फटका बसतो तो यांनाच.

अशी एक तक्रार माझ्याकडे आली होती. आखातातून दोन वर्षांनी परत आलेला मुलगा. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली वस्तू आणि एक नवा फोन बॅगेतून गायब. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. कुलूप लावलेलं होतं आणि घरी पोहोचल्यावरही ते तसंच लावलेलं होतं. त्यामुळे गावात अर्धे लोक म्हणाले, "कुलूप शाबूत आहे तर चोरी झालीच कशी? यानेच पैसे उडवले असतील." बघा, कुलपाने त्याचं सामान तर वाचवलं नाहीच, उलट त्यालाच खोटं पाडलं.

कुलूप शाबूत राहूनही सामान कसं जातं, हे कळायला फार डोकं लागत नाही. आपल्या बहुतेक बॅगा चेनच्या असतात. कुलूप असतं चेनच्या दोन रनरला. पण दरवाजा कुठला? चेनच ना? साध्या बॉलपेनचं टोक चेनच्या दातांत खुपसलं की चेन उसवते. हात घातला, सामान काढलं, मग कुलपासकट दोन्ही रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले की चेन पुन्हा मिटते. कुलूप जसंच्या तसं. घराला लोखंडी कडी-कोयंडा आणि भिंत मात्र कापडाची, असा हा प्रकार आहे. ज्या बॅगेचं कुलूप बॅगेलाच पक्कं बसवलेलं असतं आणि रनर त्यात अडकतात, तिथे चेन परत मिटवणं अवघड जातं. म्हणजे निदान चोरी झाली हे तरी कळतं. चोरी थांबतेच असं नाही.

आता ते "टीएसए" कुलूप. आपल्या बाजारातही मिळतं, त्यावर लाल खूण असते आणि दुकानदार "इंटरनॅशनल आहे" म्हणून विकतो. टीएसए म्हणजे अमेरिकेतली विमानतळ-सुरक्षा यंत्रणा. तिथे प्रवासी समोर नसतानाही बॅग उघडून तपासण्याचा अधिकार त्यांना आहे. साधं कुलूप असेल तर ते तोडतात. तोडावं लागू नये म्हणून असं कुलूप निघालं, ज्याची मास्टर चावी त्यांच्याकडे असते. म्हणजे हे कुलूप बनलंच मुळी दुसऱ्याला उघडता यावं म्हणून! तुमचं सामान वाचवायला नाही, कुलूप वाचवायला.

त्या मास्टर चाव्यांचं काय झालं तेही ऐका. २०१४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या अमेरिकी दैनिकाने सामानाच्या तपासणीवर बातमी केली आणि तिच्यासोबत या चाव्यांच्या जुडग्याचा स्वच्छ फोटो छापला. २०१५ मध्ये तो फोटो लोकांच्या नजरेत भरला. फोटोवरून चाव्यांचे आराखडे तयार झाले, इंटरनेटवर आले आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या प्लास्टिकच्या चाव्यांनी कुलपं उघडूनही दाखवली गेली. तरीही आज तेच कुलूप "जास्त सेफ" म्हणून आपल्याला विकलं जातंय.

बरं, बॅग न उघडताही घात होऊ शकतो. ब्राझीलच्या दोन महिला २०२३ मध्ये जर्मनीला निघाल्या होत्या. साओ पाउलोच्या विमानतळावर आतल्या माणसांनी त्यांच्या बॅगांवरच्या पट्ट्या काढून अमली पदार्थ भरलेल्या दुसऱ्याच बॅगांना लावल्या. फ्रँकफर्टला उतरल्यावर या दोघींना अटक. विमानतळावरचं चित्रीकरण तपासून खरा प्रकार सिद्ध होईपर्यंत त्या महिनाभराहून जास्त तुरुंगात होत्या. आता सांगा, त्यांच्या बॅगांना कुठलं कुलूप लावलं असतं तर हे टळलं असतं? त्यांना वाचवलं ते कॅमेऱ्याने. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडेही दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर बॅगांतून दागिने-फोन काढल्याबद्दल लोडरना अटक झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यावर लगेच "हे लोडरच चोर" अशी शेरेबाजी सुरू होते. तेही मला पटत नाही. हजारो पोरं भर उन्हात, कंत्राटदाराच्या तुटपुंज्या पगारावर दिवसभर आपली ओझी उचलतात. त्यातले काही हात मारतात हे खरं. पण व्यवस्था काय आहे ते बघा. आपल्या देशातल्या छोट्या-मध्यम विमानांत बॅगा बहुतेक वेळा सुट्याच, हाताने भरतात. विमानाच्या पोटात, वाकून बसायच्या जागेत, दोन-चार माणसं आणि शेकडो बॅगा. तिथे काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. काम कंत्राटावर आणि नजर कुणाची नाही. चोरी उघडकीला आली की कंपनी म्हणते, ती माणसं आमची नाहीत, एजन्सीची आहेत. वा रे वा! तिकिटाचे पैसे घेताना कंपनी एकच आणि जबाबदारी घेताना दहा जण.

हा कुलपाचा हट्ट आपल्यात आला कुठून? मला विचाराल तर रेल्वेतून. ताप्ती लाईनवर लहानाचे मोठे झालेलो आपण. बर्थखाली बॅग, साखळी, कुलूप, चावी खिशात, मगच झोप. तिथे ते बरोबरच आहे. कारण रेल्वेत बॅग तुमच्याच ताब्यात असते. रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १०० तेच सांगतं : सामान बुक करून पावती घेतली असेल तर रेल्वे जबाबदार. स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाबाबत मात्र रेल्वे कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं. एका कापड व्यापाऱ्याचे कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये प्रवासात चोरीला गेले होते. स्वतःच्या वस्तू स्वतःला सांभाळता आल्या नाहीत तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही, असा निकाल लागला.

ठीक आहे, मान्य. पण मग त्याच न्यायाने विमानाचं बघा ना! काउंटरवर बॅग दिली, वजन झालं, पट्टीचा तुकडा तुमच्या हातात आला. ती पट्टी म्हणजे पावती. त्या क्षणापासून बॅग तुमच्या ताब्यात नाही. तुम्ही वर सीटवर पट्टा बांधून बसलेले आणि बॅग खाली विमानाच्या पोटात. साखळी बांधायची कशाला आणि जागं राहायचं कुणी?

आपल्या नंदुरबारच्या मिरची मार्केटचंच उदाहरण घ्या. शेतकऱ्याने पोती उतरवली, काटा झाला, पावती मिळाली. नंतर एक पोतं कमी भरलं तर व्यापारी असं म्हणू शकतो का, की "तुम्ही पोत्याचं तोंड नीट शिवलं होतं का?" म्हणून तर बघू दे. मार्केटात काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. जो कडकपणा आपण पोत्यासाठी दाखवतो तो विमानतळाच्या काचा आणि इंग्रजी बघून कुठे जातो?

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला आणि त्यासाठी आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात दुरुस्ती केली. त्याचं कलम १७ सांगतं की नोंदवलेलं सामान कंपनीच्या ताब्यात असताना हरवलं, नष्ट झालं किंवा त्याचं नुकसान झालं, तर कंपनी जबाबदार. अपवाद एकच, सामानातच मुळात दोष असेल तर. त्या कलमात कुलूप हा शब्दच नाही. देशांतर्गत प्रवासासाठी २०१४ च्या अधिसूचनेने अशाच धर्तीवरचे नियम लागू आहेत.

मग कंपनी कुलपाचं का विचारते? कारण त्याच करारात कलम २० आहे. नुकसानीला प्रवाशाचा निष्काळजीपणा कारणीभूत असल्याचं कंपनीने सिद्ध केलं तर भरपाई कमी होऊ शकते किंवा रद्दही. "कुलूप लावलं होतं का" हा प्रश्न त्या फटीतून येतो. म्हणून मी असं म्हणत नाही की कुलूप लावू नका. लावा. फेकाफेकीत चेन आपोआप उघडू नये म्हणून लावा, आणि कंपनीला तोंड वर करून बोलता येऊ नये म्हणून लावा. शंभर रुपयांचं पुरतं. पण ते चोरासाठी आहे अशा भ्रमात राहून आत सोनं ठेवू नका. कुलपाने आपल्याला दिलेला सगळ्यात मोठा धोका हाच आहे : खोटा धीर. कुलूप आहे म्हटल्यावर माणूस बिनधास्त होतो आणि जे खिशात ठेवायचं ते बॅगेत ठेवतो. पुन्हा कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतंच की रोकड, दागिने, कागदपत्रं, फोन-लॅपटॉप नोंदवलेल्या बॅगेत ठेवू नयेत, ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही.

आता पैशाचं बोलू. इथे खरी चीड येते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा आधी १,००० एसडीआर होती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. करारातच दर पाच वर्षांनी महागाई बघून मर्यादा तपासायची सोय आहे. त्यामुळे ती १,१३१ झाली, २०१९ अखेर १,२८८ झाली आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९. आजच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या आगेमागे.

आणि देशातल्या देशात? २० हजार रुपये. २०१४ साली ठरलेले. तेव्हा सोनं तोळ्याला तीस हजारांच्या आसपास होतं, आता ते लाखाच्या कितीतरी वर गेलंय. विमानाची तिकिटं वाढली, जास्तीच्या सामानाचा दर वाढला, विमानतळावरचा चहा कुठल्या कुठे गेला. वाढली नाही ती फक्त आपल्या बॅगेची किंमत. शिवाय ते वीस हजारही आपोआप मिळत नाहीत. ती कमाल मर्यादा आहे. काय गेलं, केवढ्याचं होतं, बिल कुठे आहे, हे सगळं तुम्ही दाखवायचं.

करारात अशीही तरतूद आहे की कंपनीच्या नोकराने किंवा एजंटने मुद्दाम नुकसान केलं तर ही मर्यादा लागू होत नाही. पण तो माणूस कोण, त्याने मुद्दाम केलं का, कामाच्या ओघात केलं का, हे सिद्ध प्रवाशाने करायचं. आणि कॅमेऱ्याचं चित्रीकरण कुणाच्या ताब्यात? विमानतळाच्या. धडगावच्या माणसाने ते कुठून आणायचं?

बँकांचंही आधी असंच होतं. लॉकर फुटला की "आत काय होतं आम्हाला काय माहीत" म्हणून हात वर. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये नवे नियम काढले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू केले. चोरी झाली किंवा बँकेच्या माणसाने अफरातफर केली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट भरपाईची जबाबदारी बँकेवर आली. सरकारी यंत्रणेने मनात आणलं तर होतं. बँकेला जे जमलं ते विमान कंपनीला का जमू नये?

म्हणून मागण्या साध्या आहेत :

एक, देशांतर्गत वीस हजारांची मर्यादा वाढवा आणि दर पाच वर्षांनी तपासायचा नियम इथेही आणा.

दोन, बॅगा चढवता-उतरवताना विमानाच्या दारापर्यंत चित्रीकरण सक्तीचं करा. लेखी तक्रार आली की ते जपून ठेवणं आणि पोलिसांना, ग्राहक आयोगाला देणं बंधनकारक करा.

तीन, सामानाच्या पट्ट्याजवळ एक वजनकाटा आणि तक्रार कशी करायची याचा ठळक फलक ठेवा. मुंबईत मराठीत, सुरतेत गुजरातीत, आणि दोन्हीकडे हिंदीत.

नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचे आहेत. आपले खासदार गोवाल पाडवी दिल्लीत बसतात. दोघांनाही मराठी कळतं. ज्या जिल्ह्यात विमानतळ नाही तिथल्या खासदाराने हा प्रश्न लोकसभेत विचारला तर उलट जास्त शोभून दिसेल.

तोवर आपण काय करायचं? लिहून ठेवा, घरात कुणी निघणार असेल त्याला पाठवा.

सोनं, रोकड, पासपोर्ट, औषधं, फोन हातातल्या बॅगेतच. आणि ऐनवेळी "वर जागा नाही, ही बॅग खाली द्या" म्हणाले तर आधी त्यातून हे सगळं काढून घ्या. पॉवर बँकही. ती नोंदवलेल्या बॅगेत चालतच नाही.

बॅग देण्याआधी उघड्या आणि बंद बॅगेचा फोटो काढा. पट्टीवरचं वजन वाचा, ती पट्टी जपा. बॅगेवर नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात, आतही एक चिठ्ठी. हजला जाणारी आपली माणसं बॅगेवर ठसठशीत नाव लिहितात, दोरी बांधतात, त्याला कुणी हसू नका. बॅग ओळखू येणं हे कुलपाइतकंच कामाचं आहे.

उतरल्यावर सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला सुरतेहून गाडी पकडायची असते, मुंबईहून ट्रॅव्हल्स. त्या घाईत बॅग उचलतो आणि घरी येऊन रात्री उघडतो. इथेच केस हातची जाते. तक्रार न करता बॅग घेतली की ती नीट मिळाली असंच कायदा आधी धरून चालतो. पाच मिनिटं थांबा. चेन बघा, वजनात फरक वाटला तर काउंटरवर वजन करायला लावा, बॅग तिथेच उघडा. काही गडबड असेल तर बाहेर पडायच्या आधी लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. तोंडी सांगून निघू नका. घरी आल्यावर कळलं तरी सात दिवसांच्या आत लेखी कळवा, ईमेलने का होईना. चोरी असेल तर पोलिसांत जा. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी आपल्या पोलिस ठाण्यात झिरो एफआयआर होतो. "आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकून परत येऊ नका.

कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. देशातल्या प्रवासासाठी मुंबई-दिल्लीला खेटे घालायची गरज नाही, नंदुरबारला करा. तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. विदेशातून येताना झालेल्या प्रकाराला कराराचे वेगळे नियम लागतात. दावा कुठे करायचा ते वकिलाला विचारा, पण दोन वर्षांच्या आत.

हे सगळं करायला वेळ जातो, मला माहीत आहे. दोन-पाच हजारांच्या वस्तूसाठी कोण एवढं करणार, असंही वाटेल. पण कंपन्यांचा हिशेब नेमका यावरच चालतो. शंभरातल्या नव्वदांनी "जाऊ दे" म्हटलं की उरलेल्या दहांना टोलवणं सोपं जातं.

तेव्हा भाऊ, पुढच्या वेळी गावात कुणाची बॅग फुटली, तर त्याला कुलपाचं विचारू नका. त्याला विचारा, पावती आहे का? तक्रार लिहून दिली का? नसेल दिली तर सात दिवस अजून उलटले नाहीत ना? आणि तारीख उरली असेल तर त्याच्यासोबत बसून अर्ज लिहा.